चामखीळ, तिचे उपाय आणि त्या उपायांचे साक्षीदार

चामखिळीवर जितके उपाय सांगितले जातात तितके कातडीच्या दुसऱ्या कोणत्याच तक्रारीवर सांगितले जात नसतील. बेळगाव-निपाणी पट्ट्यात कुणालाही विचारा. बिब्बा लाव, रुईचा चीक लाव, घोड्याच्या शेपटीचा केस बांध, उदबत्तीचा चटका दे, चुना आणि धुण्याच्या सोड्याचा लेप लाव, थुजाचे थेंब घे, सौंदत्तीला जाऊन जोगुळभावीत आंघोळ करून ये. प्रत्येक उपायामागे एक साक्षीदार उभा असतो. त्याची चामखीळ खरोखरच गेलेली असते आणि तो काही खोटं बोलत नसतो. त्याच गल्लीत तोच उपाय करून ज्याचं बोट महिनाभर सुजलं असा माणूसही असतो, पण त्याला कुणी विचारायला जात नाही.

हे सगळे साक्षीदार एकाच वेळी खरे कसे असू शकतात? कारण बहुतेक चामखिळी काही न करताही जातात. १९६३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका संस्थेत राहणाऱ्या मुलांच्या चामखिळींवर दोन वर्षं नुसतं लक्ष ठेवलं गेलं. तेवढ्या काळात सुमारे दोन तृतीयांश चामखिळी आपोआप नाहीशा झाल्या. अलीकडे नेदरलँड्समधल्या प्राथमिक शाळांतली मुलं तपासली, तेव्हा तिघांतल्या एकाच्या अंगावर चामखीळ सापडली, आणि वर्षभरानं पाहिलं तर त्यांतली निम्मी मुलं मोकळी झालेली होती. मोठ्या माणसांत हा वेग मंदावतो. काहींच्या चामखिळी वर्षानुवर्षं ठाण मांडतात. पण लहान मुलाच्या हातावरच्या चामखिळीला आज ज्यानं कुणी काहीही लावलं, त्याला वर्षभरात यश मिळण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून कोणत्याही उपायाला विचारायचा प्रश्न असा : काही न करणाऱ्यांपेक्षा यानं किती जास्त लोकांची चामखीळ गेली, आणि त्यासाठी त्यांना काय सोसावं लागलं? पुढचा सगळा आढावा या एका प्रश्नाच्या आधारानं घेतला आहे.

आधी ती होते कशानं ते पाहू. चामखीळ हा विषाणूचा संसर्ग आहे. १९०७ साली इटलीतल्या जूझेप्पे च्युफ्फो या डॉक्टरांनी चामखिळीचा अर्क इतक्या बारीक गाळणीतून गाळला की त्यात एकही जिवाणू उरणार नाही, आणि तो स्वतःच्या हातावर टोचून घेतला. काही महिन्यांनी तिथं चामखिळी उगवल्या. म्हणजे कारण जिवाणूपेक्षाही सूक्ष्म होतं. आज त्याला आपण ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, थोडक्यात एचपीव्ही म्हणतो. त्याचे दोनशेहून जास्त प्रकार माहीत आहेत आणि प्रत्येकानं आपापली जागा निवडलेली आहे. हातावरच्या खरखरीत चामखिळी बहुतेक २, ४, २७ आणि ५७ या प्रकारांच्या असतात. तळपायाच्या खोल, दुखऱ्या चामखिळींत १ नंबर पुष्कळदा सापडतो. चेहऱ्यावरच्या चपट्या, गव्हाळ ठिपक्यांसारख्या चामखिळी ३ आणि १० या प्रकारांच्या. खाटकांच्या हातावर ७ नंबरचा एक प्रकार आढळतो, जो इतर लोकांत क्वचितच दिसतो. जननेंद्रियांवरच्या चामखिळींना ६ आणि ११ कारणीभूत असतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी जोडलेले १६ आणि १८ हे प्रकार वेगळेच. त्यांचा शोध लावल्याबद्दल जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळालं. बोटावरच्या चामखिळीचा कर्करोग होईल या भीतीनं झोप उडालेले आईबाप भेटतात. निरोगी मुलाच्या बाबतीत ती भीती सोडून द्यावी.

हा विषाणू धडधाकट कातडीतून आत शिरत नाही. त्याला बारीकशी चीर लागते : कुरतडलेल्या नखाच्या कडेची, उसाच्या पाल्यानं कापल्याची, दिवसभर पाण्यात हात असल्यानं भिजून मऊ पडलेल्या कातडीची. त्या चिरेतून तो कातडीच्या वरच्या थरातल्या सर्वांत खालच्या पेशींत जाऊन बसतो. दोन ते सहा महिने, कधी त्याहूनही जास्त, काहीच दिसत नाही. मग तिथल्या पेशी भराभर वाढून वर रचल्या जातात आणि त्यांच्याबरोबर विषाणूही पृष्ठभागावर येतो. या सगळ्यात तो रक्तात उतरत नाही, खाली जखम करत नाही, ताप आणत नाही. त्यामुळे शरीराच्या संरक्षण यंत्रणेला बराच काळ त्याचा पत्ताच लागत नाही. एकदा पत्ता लागला की मात्र दहा जागी असलेल्या चामखिळीही आठ-पंधरा दिवसांत एकदमच निघून जातात. ज्या दिवसांत हे घडतं त्या दिवसांत जो उपाय चालू असेल, त्याच्या पदरात सगळं श्रेय पडतं.

यातून आपल्याकडचे दोन समज तपासून घेता येतात. पहिला, चामखिळीला मूळ असतं आणि ते खणून काढल्याशिवाय ती जात नाही. मूळ नसतंच. ती कातडीच्या वरच्या थरातच असते. तिच्यात दिसणारे काळे ठिपके हे बी किंवा मुळाची टोकं नसून गोठलेल्या बारीक रक्तवाहिन्या असतात. मूळ काढायच्या नादात जे खणलं जातं ती निरोगी कातडी असते आणि तिथं कायमचा वण राहतो. दुसरा समज, चामखिळीचं रक्त जिथं लागेल तिथं नवी उगवते. विषाणू रक्तात नसतो, पण चामखीळ खाजवली, ओरबाडली, तिच्यावर ब्लेड फिरवलं की पृष्ठभागावरचा भुगा ताज्या ओरखड्यात जातो आणि ओरखड्याच्या रेषेत नव्या चामखिळींची रांग उभी राहते. म्हणजे लोकांनी पाहिलेलं खरं होतं, कारण तेवढं चुकलं.

चामखीळ म्हणून जे दाखवलं जातं त्यातलं बरंचसं चामखीळ नसतंच. मानेवर, काखेत लोंबणारे मऊ, देठ असलेले मस हे विषाणूचे नसतात. वजन वाढलेल्या आणि मधुमेहाकडे झुकलेल्या माणसांत ते जास्त दिसतात. घोड्याच्या शेपटीचा केस हा उपाय नेमका इथे लागू पडतो. देठाला केस घट्ट बांधला की रक्तपुरवठा तुटतो, मस काळा पडून चार-आठ दिवसांत गळतो. ज्यानं कुणी हा उपाय पहिल्यांदा केला त्याचं निरीक्षण पक्कं होतं. पण बोटावरच्या बसक्या, रुंद बुडाच्या चामखिळीला बांधायला देठच नाही. तिथं केस आवळून फक्त बोट सुजतं. लहान मुलांच्या पोटावर, मांडीवर मोत्यासारखे चकचकीत, मधोमध खळगी असलेले दाणे येतात ते वेगळ्याच विषाणूचे. म्हाताऱ्या माणसांच्या पाठीवरचे, चिकटवल्यासारखे दिसणारे तपकिरी खवले हे वयाचे. आणि तीळ हा तर मुळीच जाळायचा नाही : तो रंग बदलत असेल, वाढत असेल, त्यातून रक्त येत असेल, तर तो कापून प्रयोगशाळेत तपासावा लागतो, आणि जाळलेल्या तिळाचं काहीच तपासता येत नाही.

तळपायाच्या बाबतीत गफलत नेहमीची. कुरूप आणि चामखीळ दोन्ही टणक, दोन्ही दुखरी. ओळखायची रीत सोपी आहे. बोटांच्या ठशांसारख्या ज्या बारीक रेषा तळव्यावर असतात, त्या कुरुपावरून तशाच पुढे जातात. चामखिळीपाशी तुटतात आणि तिला वळसा घालतात. कुरूप सरळ दाबलं की कळ येते, चामखीळ दोन बाजूंनी चिमटीत धरली की. वरचा टणक थर डॉक्टरांनी हलकेच खरवडला की चामखिळीत काळे ठिपके दिसतात, कुरुपात आत काचेसारखा स्वच्छ गाभा. कुरूप चपलेच्या दाबानं होतं, त्यामुळे चप्पल बदलली तर जातं. चामखीळ चप्पल बदलून जात नाही.

दुभती जनावरं घरोघरी असल्यामुळे इथल्या लोकांचा आणखी एक प्रश्न असतो. म्हशीच्या सडांवर चामखिळी आल्या, धार काढणाऱ्याच्या हाताला लागतील का? नाही लागत. जनावरांचा पॅपिलोमा विषाणू वेगळा आहे, तो माणसाच्या कातडीत घर करत नाही. गुरांचे डॉक्टर अशा जनावराला अँथिओमेलिनचं इंजेक्शन देतात, कधी त्याच जनावराच्या चामखिळीपासून लस तयार करून टोचतात. सडावरून माणसाच्या बोटावर येते ती दुसरीच गोष्ट : म्हशींची देवी आणि तिच्या जातकुळीतले विषाणू. २००९ साली पश्चिम महाराष्ट्रात म्हशी आणि माणसं अशा दोघांतही या देवीची साथ आली होती. धार काढणाऱ्याच्या बोटावर लालसर, दुखरी, पुढे खपली धरणारी गाठ आली, सोबत ताप आला किंवा काखेत अवधाण आलं, तर ती चामखीळ समजू नये आणि जाळू तर मुळीच नये. ती काही आठवड्यांत आपली आपण भरून येते.

आता घरगुती उपायांकडे. त्यांना सरसकट अडाणी म्हणणं मला पटत नाही, कारण त्यांच्यामागे एक जुनं, व्यवस्थित शास्त्र आहे. सुश्रुतसंहितेत अर्शाच्या प्रकरणात चर्मकीलाचं वर्णन येतं : कातडीबाहेर आलेला, खिळ्यासारखा घट्ट अंकुर. उपचार सांगितला आहे तो शस्त्रानं काढून क्षारानं किंवा अग्नीनं जाळण्याचा. आजच्या दवाखान्यात खरवडून विजेच्या सुईनं जाळतात, ते याहून फार वेगळं नाही. पण सुश्रुतानं क्षार वापरायचे नियमही घालून दिले आहेत : कोणत्या जागी लावायचा नाही, लावल्यावर शंभर अक्षरं उच्चारायला लागतील तेवढाच वेळ थांबायचं, आणि मग आंबट द्रवानं त्याचा दाह शमवायचा. बेळगावात शहापूरच्या बी. एम. कंकणवाडी आयुर्वेद महाविद्यालयासारख्या संस्थांत क्षारकर्म आजही शिकवलं जातं ते या शिस्तीसकट.

बाजारात 'तीळ-मस-चामखीळ काढून मिळेल' असं सांगत बसणाऱ्याकडे ही शिस्त नसते, रसायन मात्र तेच असतं. चुन्याची निवळी आणि धुण्याचा सोडा एकत्र आले की कॉस्टिक सोडा तयार होतो. तो चामखिळीत थांबत नाही; कातडीचे थर विरघळवत खाली जातो आणि पुसून टाकल्यावरही काही काळ जाळत राहतो. चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेसारख्या गर्दीत दोन मिनिटांत पोराच्या गालावर हा लेप लावून माणूस पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. आठ दिवसांनी खपली पडते, चामखीळही पडलेली असते, आणि गालावर खड्डा राहतो तो जन्मभर. चेहऱ्यावर हा लेप कुणाकडूनही लावून घेऊ नये, हे मी अगदी कळकळीनं सांगतो.

बिब्ब्याची गोष्ट याहून गुंतागुंतीची. बिब्ब्याचं तेल काळं, चिकट आणि जहाल असतं. ते जिथं लागेल तिथं फोड येतोच, पण काही माणसांना त्याचं वावडं असतं आणि मग एका बोटाला लावलेल्या थेंबानं चेहरा, पापण्या, गुप्तांगापर्यंत सूज आणि पुरळ उठतं. एकदा वावडं जडलं की पुढच्या खेपेला आणखी थोडक्यात उठतं. काजू हा बिब्ब्याचाच भाऊबंद. चंदगड आणि खानापूर भागात काजूच्या कारखान्यांत टरफलं फोडणाऱ्या बायकांना टरफलातल्या तेलानं हात कसे पोळतात हे सांगावं लागत नाही. त्या आधी हाताला तेल किंवा राख चोळून घेतात. अशा हातांवर बिब्बा लावणं म्हणजे आगीशी खेळणं. रुईचा आणि शेराचा चीकही कातडीला जाळतो. तो डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते, आणि लहान मूल हात डोळ्याला लावणारच. याउलट काही चिकांत खरंच औषधी गुण असू शकतील. बेळगावात २००६ पासून भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची संस्था आहे, आज ती राष्ट्रीय पारंपरिक वैद्यक संस्था म्हणून ओळखली जाते. पश्चिम घाटाच्या पायथ्याशी असलेल्या अशा संस्थेनं हे चीक रुग्णांवर रीतसर पारखून पाहावेत, अशी माझी फार इच्छा आहे.

जोगुळभावीबद्दल एवढंच म्हणेन की रेणुकेच्या अंगावरचा रोग तिथं गेला या श्रद्धेनं लाखो माणसं तिथं स्नान करतात, आणि चामखिळीच्या रुग्णाचं त्यात काही बिघडत नाही. कातडीला कोणतीही इजा न करता वाट पाहायला लावणारा उपाय बिब्ब्यापेक्षा कितीतरी बरा.

आधुनिक उपचारांत पहिला मान सॅलिसिलिक ॲसिडचा. २०१२ सालच्या कॉक्रेन आढाव्यात सहा चाचण्यांतले ४८६ रुग्ण एकत्र करून पाहिले. नुसत्या द्रावणापेक्षा हे ॲसिड लावणाऱ्यांत बरे होणारे दीडपटीहून थोडे जास्त निघाले. हा फरक डोळे दिपवणारा नाही, पण खरा आहे, आणि औषध स्वस्त आहे. औषधाच्या दुकानात ते लॅक्टिक ॲसिडबरोबर, घट्ट होत जाणाऱ्या द्रावणाच्या छोट्या बाटलीत मिळतं. ते हुकतं ते वापरण्याच्या पद्धतीत. रात्री चामखीळ कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं भिजवायची. वरचा पांढरा झालेला मेलेला थर नखाच्या कानशीनं हलकेच घासून काढायचा, रक्त येईपर्यंत नाही. भोवतालच्या कातडीवर व्हॅसलीन लावायचं आणि मग बाटलीतल्या काडीनं फक्त चामखिळीवर थेंब ठेवायचा. वाळू द्यायचा, वर चिकटपट्टी लावायची. असं रोज, बारा आठवडे. चार दिवस लावून 'फरक नाही' म्हणत बाटली खिडकीत ठेवून देणारे बहुसंख्य असतात. उलट घाईनं दिवसातून चारदा लावून कातडी सोलून घेणारेही असतात. बाटलीवरच्या सूचना इंग्रजीत, त्याही मुंगीएवढ्या अक्षरांत. या भागात चिठ्ठी इंग्रजीत, दवाखान्याची पाटी कन्नडमध्ये आणि रुग्ण मराठी अशी स्थिती रोजची आहे. औषधविक्रेत्यानं मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत छापलेला अर्ध्या पानाचा कागद बाटलीबरोबर दिला, तर औषध न बदलताही बरीच जास्त माणसं बरी होतील.

ज्या कानशीनं चामखीळ घासली ती दुसऱ्या कशाला वापरू नये. घरच्या न्हाणीत सगळ्यांच्या टाचांना एकच वजरी असते, तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. एकाच्या तळव्याच्या चामखिळीवर फिरलेली वजरी दुसऱ्याच्या भेगाळलेल्या टाचेवर फिरली, की घरात ती का पसरली याचं उत्तर तिथंच मिळतं. हा विषाणू चिवट आहे. बाहेरच्या पृष्ठभागावर बराच काळ टिकतो आणि स्पिरिटनं पुसून सहजी मरत नाही. दाढीच्या जागेवर चामखिळी असलेल्यानं काही महिने गुळगुळीत दाढी टाळून कात्रीनं किंवा मशिननं बारीक करावी, आणि सलूनमध्ये नवं पातं स्वतःच्या समोर लावून घ्यावं. भुवया कोरताना दोऱ्याच्या रेषेत चपट्या चामखिळी उठल्याची उदाहरणं भारतातल्या डॉक्टरांनी नोंदवली आहेत.

गोठवण्याच्या उपचारात उणे १९६ अंशांचा द्रवरूप नायट्रोजन लागतो. खेड्यातल्या माणसाला तो नवा नाही. कृत्रिम रेतनाच्या मात्रा ज्या भांड्यात येतात त्यात तोच असतो. काही सेकंद फवारला की चामखीळ पांढरी पडते, पुढे फोड येतो आणि दोन-तीन आठवड्यांनी परत गोठवावं लागतं. नेदरलँड्समधल्या २०१० सालच्या चाचणीत तेरा आठवड्यांनी हाताच्या व इतर साध्या चामखिळी गोठवलेल्यांत ४९ टक्के, सॅलिसिलिक ॲसिडवाल्यांत १५ टक्के आणि नुसती वाट पाहणाऱ्यांत ८ टक्के रुग्णांत गेल्या. तळपायाच्या चामखिळींत मात्र तिघांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. २०११ सालच्या ब्रिटिश चाचणीतही तळपायाचा हाच अनुभव : बारा आठवड्यांनी गोठवलेले आणि ॲसिड लावलेले, दोन्हींत बरे झालेले १४ टक्केच. तेव्हा हाताची चामखीळ घाईनं घालवायची असेल तर गोठवणं योग्य. तळव्यासाठी त्यावर पैसे खर्च करण्याआधी ॲसिडला पूर्ण संधी द्यावी. आपल्या रंगाच्या कातडीबाबत आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी आधीच सांगायला हवी. रंग देणाऱ्या पेशी थंडीला फार नाजूक असतात, म्हणून गोठवलेल्या जागी पांढरा डाग राहू शकतो. तो कोड नव्हे, पण लग्नाच्या मुलीच्या हातावर असा डाग पडल्यावर पाहुण्यांना समजावत बसण्याची पाळी घरच्यांवर येते.

विजेच्या सुईनं किंवा रेडिओलहरींनी जाळणं आपल्याकडे सर्रास होतं. बधिर करून एका बैठकीत चामखीळ जाते, म्हणून रुग्णालाही बरं वाटतं. पण विषाणू भोवतालच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीतही असतो, त्यामुळे ती परत येते. तळव्यावर जाळल्याचा वण राहिला तर तो चालताना चामखिळीपेक्षा जास्त दुखतो. जाळताना निघणाऱ्या धुरात विषाणू सापडतो. धूर ओढून घेणारं यंत्र आणि मुखपट्टी नसेल तिथं डॉक्टर स्वतःलाही धोक्यात घालत असतात.

चिकटपट्टीच्या उपचाराचा २००२ साली मोठा गाजावाजा झाला. पुढच्या चाचण्यांत तो टिकला नाही. थुजाचंही तसंच. कॅनडात १९९२ साली तळव्याच्या चामखिळींवर आणि ऑस्ट्रियात १९९६ साली मुलांच्या हातांवर होमिओपॅथीच्या औषधांच्या रीतसर चाचण्या झाल्या. कॅनडातल्या औषधांत थुजाही होतं. दोन्हीकडे औषध घेणारे आणि साध्या गोळ्या घेणारे सारखेच बरे झाले. जस्ताच्या गोळ्यांनी काही ठिकाणी गुण आला, पण मोठ्या मात्रेनं मळमळ होते आणि ज्यांच्या अंगात जस्त कमी आहे त्यांनाच त्याचा उपयोग दिसतो.

मला सर्वांत आशादायक वाटतात ते शरीराला जागं करणारे उपचार, आणि त्यात भारतीय डॉक्टरांचं काम मोठं आहे. गोवर-गालगुंड-रुबेलाची लस किंवा कुष्ठरोगासाठी डॉ. गुरशरण प्राण तलवार यांनी विकसित केलेली एमडब्ल्यू लस एका मोठ्या चामखिळीत टोचतात. काही आठवड्यांच्या अंतरानं दोन-चार इंजेक्शनं झाली की पुष्कळांच्या दूरच्या, न टोचलेल्या चामखिळीही जातात. कर्नाटकातल्याच दावणगेरेच्या डॉक्टरांनी २००९ साली याहून साधी गोष्ट प्रसिद्ध केली : रुग्णाच्याच चामखिळीचा बारीक तुकडा त्याच्या हाताच्या कातडीखाली ठेवायचा. अनेक चामखिळी असलेल्या त्यांच्या बहुतेक रुग्णांत त्या पूर्ण गेल्या. या चाचण्या लहान आहेत, टोचताना दुखतं, ताप येतो. पण हातभर वीस-पंचवीस चामखिळी असलेल्याला एकेक जाळत बसण्यापेक्षा हा मार्ग शहाणपणाचा.

उपचार निवडताना ते हात काय काम करतात हे फार क्वचित विचारलं जातं. निपाणीत ते विचारलंच पाहिजे. बिडी वळणारी बाई ओलवलेलं तेंदूपान पत्र्याच्या मापानं कात्रीनं कापते, त्यात तंबाखू भरते, अंगठा आणि तर्जनीत वळते, दोऱ्यानं बांधते आणि तोंडं नखानं किंवा काडीनं दुमडते. मजुरी दर हजार बिड्यांवर. तिच्या तर्जनीच्या टोकाची चामखीळ गोठवली आणि टपोरा फोड आला, तर तिचे आठ दिवस बुडाले. हे तिला आधी सांगितलेलं नसलं तर ती दुसऱ्या बैठकीला येत नाही आणि नोंदवहीत 'रुग्ण आला नाही' एवढंच राहतं. नखाच्या कडेला असलेल्या चामखिळीचं आणखी जपून करावं लागतं. ती अर्धी नखाखाली असते, आणि तिथं सुई खोल गेली तर नखाचा कोंभ जळून नख कायमचं दुभंगतं. नखावर पोट असलेल्या बाईला तो तोटा आयुष्यभराचा. अशा बोटांना रात्री लावायचं ॲसिड, नाहीतर लांबच्या एखाद्या चामखिळीत टोचायची लस, हेच जास्त शोभतं. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या, उसाला आणि भाताला दिवसभर चिखलात उभ्या राहणाऱ्या, अथणी-निपाणीकडे कोल्हापुरी चपलांचं कातडं शिवणाऱ्या माणसांनाही हाच हिशेब लागू आहे.

काहींनी मात्र वाट पाहू नये आणि घरीही काही करू नये. जननेंद्रियांजवळची चामखीळ डॉक्टरांनाच दाखवावी, जोडीदारासह, लाज न धरता; मुलाच्या त्या जागी चामखीळ असेल तर तीही दाखवावी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही लस २०२३ पासून बाजारात आहे. ती ६, ११, १६ आणि १८ या प्रकारांपासून बचाव करते. म्हणजे जननेंद्रियांच्या बहुतेक चामखिळी तिनं टळतील, बोटांवरच्यांसाठी ती नाही. मोठ्या माणसाच्या अंगभर थोड्या काळात पुष्कळ चामखिळी उगवल्या तर प्रतिकारशक्ती कशानं खालावली ते शोधावं, त्यात एचआयव्हीची चाचणी आलीच. बांगलादेशातल्या झाडासारखे हात झालेल्या तरुणाची छायाचित्रं मोबाइलवर फिरतात. तो अत्यंत दुर्मीळ, जन्मजात दोषाचा प्रकार आहे, साध्या चामखिळीचं असं काही होत नाही. पन्नाशीनंतर नव्यानं आलेली, वाढणारी, रक्त येणारी किंवा उपचारांना दाद न देणारी 'चामखीळ' तुकडा काढून तपासून घ्यावी.

आणि मधुमेह. पायाला मुंग्या येतात, चप्पल कधी निसटली ते कळत नाही, अशा माणसाच्या तळव्यावर चामखीळ असो वा कुरूप, त्यावर दुकानातली कॉर्न कॅप चिकटवू नये. तिच्यात ४० टक्के सॅलिसिलिक ॲसिड असतं. बधिर कातडीला जळलेलं कळत नाही, दोन दिवसांत खाली जखम होते आणि ती चिघळत हाडापर्यंत जाऊ शकते. निपाणीहून कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय जवळ, बेळगावकरांना जिल्हा रुग्णालय आणि केएलईचं रुग्णालय आहे; तिन्हीकडे त्वचारोग विभाग आहेत. साखर तपासायला ज्या दिवशी जाल त्याच दिवशी पायातलं काढून तळवे दाखवावेत, दोन्ही.